सोयाबीनचे वाण व पालाशाचा हिशेब

सोयाबीन या एका नांवाखालीं सर्व वाणांस सारखीच खतमात्रा देण्याची रीत आतां सोडावी, असें आमचें मत आहे. जे. एस. ९५६० हा वाण सुमारें ८५ दिवसांत निघतो. फुले संगम शंभर दिवसांहून अधिक शेतांत राहतो. एकास लागणारा पालाश थोड्या दिवसांत घ्यावा लागतो, दुसऱ्यास सवड मिळते. दोघांची भूक एकच कशी धरावी?

दर क्विंटल दाण्याबरोबर सुमारें २ किलो पालाश शेताबाहेर जातो. एकरीं ५ क्विंटल उतारा देणारा वाण १० किलो नेतो, १० क्विंटल देणारा २० किलो. कुटारही विकलें, तर तूट आणखी वाढते.

काळ्या जमिनींत पालाश विपुल असतो, हें खोटें नव्हे. परंतु भरणा न करतां नुसती काढीत राहिल्यास मोठी ठेवही सरते. शेंगा भरतांना खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपूं लागल्या, म्हणजे उपायास उशीर झालेला असतो.

शेतकरी बंधूंनीं आधीं माती तपासून घ्यावी आणि आपल्या वाणाचा एक पट्टा पालाश देऊन व एक न देतां पेरून उतारा ताडून पाहावा. शिफारस करणाऱ्यांनींही वाणवार आंकडे द्यावेत. नवें बी देऊन जुनीच मात्रा सांगणें, म्हणजे थोर बैलजोडीस वासराची वैरण घालणें होय.