सांभाळणं म्हणजे काम नव्हे?

‘लहान मुलांनाच तर सांभाळायचं, त्याला काय लागतं? बाईला ते उपजतच येतं.’ अंगणवाडी सेविकांच्या मानधनाचा विषय निघाला की हे वाक्य कुणी ना कुणी बोलतंच. अधिकारी बोलतात, पुढारी बोलतात, आणि आपल्या शिबिरांना येणाऱ्या बायकाही बोलतात. असं बोलणाऱ्यांनी एक आठवडा अंगणवाडीत बसून पाहावं. कामाच्या निमित्तानं मी नुकतीच बसले.

आठवड्याचा विषय होता ‘पाणी’. तीन ते सहा वर्षांची मुलं, सगळी एकाच खोलीत. सोमवारी ताईंनी घमेल्यात पाणी घेतलं आणि पान, खडा, चमचा, स्टीलची वाटी पुढे मांडली. वस्तू पाण्यात सोडण्याआधी मुलांनी सांगायचं, बुडेल की तरंगेल. चमचा बुडाला, पण वाटी तरंगली, तेव्हा कुणाचा विश्वासच बसेना. एका मुलीनं वाटीत पाणी ओतलं, वाटी बुडाली. ‘पोट भरलं, झोपली,’ ती म्हणाली. ताई ‘चूक’ म्हणाल्या नाहीत, ‘बरोबर’ही म्हणाल्या नाहीत. ‘आणि अर्धंच पोट भरलं तर?’ एवढंच विचारलं. पुढे कितीतरी वेळ मुलं त्या वाटीभोवती होती. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात बालविकासाचा पेपर मी दिला आहे, पण असा प्रश्न ऐन वेळी सुचणं पुस्तकातून येत नाही. ते कसब आहे, वर्षानुवर्षं मुलांत बसून कमावलेलं. त्याला माया म्हणून मोकळं होणं फार सोयीचं आहे.

मंगळवारी बादलीत किती तांबे मावतात ते मोजलं. बुधवारी वजनं घ्यायची होती, ती पोषण ट्रॅकरवर भरायची होती आणि रेंज नव्हती. ताई मोबाइल घेऊन ओट्यावर, मुलं आत मदतनीसबाईंकडे. गुरुवारी लसीकरण. शुक्रवारी प्रकल्प कार्यालयात बैठक. भिंतीवरच्या वेळापत्रकात मात्र पाचही दिवस उपक्रम लिहिलेले होते!

तारा��ाई मोडकांनी अनुताई वाघांना बरोबर घेऊन १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणातच त्यांनी बालवाडी नेली. ‘अंगणवाडी’ तिथली. त्या दोघींसाठी बालशिक्षण हे शास्त्र होतं. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना आली, तिनं नाव उचललं. पण चालवणारीला शिक्षिका न म्हणता ‘सेविका’ म्हटलं आणि पगाराऐवजी मानधन ठेवलं. शब्दांचा हा खेळ साधा नाही. सेवा म्हटली की तास मोजायचे नसतात, आणि तास मोजायचे नसले की त्यात सर्वेक्षण, रजिस्टरं, ॲप काहीही कोंबता येतं.

२५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेविका-मदतनिसांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असा निकाल दिला. तरी ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविकांना पन्नासहून अधिक दिवस संपावर राहावं लागलं. त्या वेळी ‘मुलांचे हाल होतात’ अशी ओरड झाली. म्हणजे काम बंद पडलं की ते काम असतं, चालू असलं की माया!

याची किंमत मुलीही मोजतात. या वस्तीत मी पाहिलं, मुलगा फी भरून इंग्रजी नर्सरीत जातो आणि त्याची बहीण अंगणवाडीत. ‘तिथं नुसतं खेळवतात,’ एक आई मला म्हणाली. नर्सरीत तिचा साडेतीन वर्षांचा मुलगा पाटीवर ‘ए’ गिरवतो, ते तिला शिक्षण वाटतं. तिला दोष कसा देणार? सरकारनंच ज्या कामाला पगाराच्या लायकीचं मानलं नाही, ते तिनं कशाच्या जोरावर मानावं?

गावोगावच्या मंडळांतल्या मैत्रिणींना माझं सांगणं आहे, पुढच्या ग्रामसभेत खाऊचा हिशेब विचारालच, त्याबरोबर हेही विचारा: गेल्या महिन्यात आपल्या सेविकेला मुलांजवळ बसायला किती दिवस मिळाले, आणि बाकीचे दिवस कुणी घेतले?