आकडा आवळला म्हणजे वेग वाढला?

संगणक रखडू लागला की रॅमचे टायमिंग आवळा, सीएल १६ वरून १४ वर आणा, व्होल्टेज थोडे चढवा, असा सल्ला हौशी मंडळी सर्रास देतात. त्यामागचा युक्तिवाद असा की, रॅम बनवणाऱ्या कंपन्या कोणत्याही मशीनवर चालावी म्हणून आकडे ढिले ठेवतात, आणि हा ढिलेपणा म्हणजे आपण पैसे मोजूनही पदरात न पडलेला वेग. हे म्हणणे सर्वस्वी खोटे असते तर त्याची दखल घ्यायची गरज नव्हती. त्यात तथ्य आहे, म्हणूनच ते नीट तपासायला हवे. माझे मत असे आहे की, ज्या संगणकावर हिशेब, फोटो, प्रबंध किंवा ग्राहकांच्या नोंदी असतात, त्यावर हाताने टायमिंग आवळून हाती लागते ते फार थोडे, आणि पणाला लागतो तो साठवलेल्या माहितीचा खरेपणा.

आधी हाती काय लागते ते पाहू. सीएल १६ म्हणजे रॅमच्या उघडलेल्या ओळीतून मागितलेली माहिती बाहेर पडायला क्लॉकचे १६ ठोके लागतात. डीडीआर४-३२०० मध्ये एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा, म्हणजे एकूण १० नॅनोसेकंद. डीडीआर५-६००० च्या सीएल ३० चा हिशेब मांडला तर तेही १० नॅनोसेकंदच, आणि वीस वर्षांपूर्वीच्या डीडीआर-४०० मधल्या सीएल २ चे उत्तरही तेच येते. म्हणजे नुसता सीएलचा आकडा पाहून रॅम वेगवान की मंद हे ठरवताच येत नाही. ३२०० वर सीएल १६ चा १४ केला तर सव्वा नॅनोसेकंद वाचतो. पण प्रोसेसरने केलेली मागणी रॅमपर्यंत जाऊन परत यायला डेस्कटॉपवर साधारण ६० ते ९० नॅनोसेकंद लागतात, त्यामुळे ही बचत जेमतेम दोन टक्क्यांची. शिवाय बहुतेक मागण्या कॅशमध्येच भागतात, रॅमपर्यंत पोचतच नाहीत. जीन ॲमडालने १९६७ मध्ये मांडलेला नियम इथे लागू पडतो: कामाच्या ज्या भागात सुधारणा केली, तो भाग एकूण वेळेत जेवढा असेल तेवढ्यापुरताच फायदा. समजा एखादा प्रोग्रॅम आपल्या वेळेतला पाचवा हिस्सा रॅमची वाट पाहण्यात घालवतो. ती वाट दोन टक्क्यांनी कमी झाली, तर एकूण फायदा ०.४ टक्के. एवढा फरक वापरणाऱ्याला जाणवणे शक्य नाही.

यावर जाणकारांचा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. खरा फायदा सीएलमध्ये नसून आतल्या दुय्यम टायमिंगमध्ये आहे, असे ते म्हणतात. रॅमची प्रत्येक पेशी म्हणजे विजेचा गळका साठा. तो दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो, आणि त्यासाठी डीडीआर४ मध्ये सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेश चालतो. रिफ्रेश चालू असतो तेवढा वेळ रॅम काम देत नाही. मग दोन रिफ्रेशमधले अंतर वाढवले तर? ३२०० च्या रॅमला हे अंतर १२,४८० ठोक्यांचे असते. काही मदरबोर्ड ते ६५,५३५ पर्यंत नेऊ देतात. वेग खरोखर वाढतो, हे मी मान्य करतो. पण मग ६४ मिलिसेकंदांत भरली जाणारी पेशी सुमारे ३३५ मिलिसेकंद तशीच राहते, आणि गळती तापमानाबरोबर वाढते. म्हणूनच चिप ८५ अंशांच्या वर गेली की रिफ्रेश दुप्पट करावा, असे मानकच सांगते. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ११५ मॉड्यूल तपासून टायमिंगमध्ये मोठी सवलत शिल्लक असते हे दाखवून दिले, हेही खरे. टायमिंग आवळणारे या संशोधनाकडे बोट दाखवतात. पण त्यातला मार्ग त्यांच्या मार्गाच्या उलट आहे: प्रत्येक मॉड्यूल वेगळे मोजायचे, तापमानावर सतत नजर ठेवायची आणि चिप तापली की टायमिंग पुन्हा सैल करायचे. बायोसमध्ये एकदा भरलेला आकडा यातले काहीच करत नाही. कंपनीने ठेवलेली सवलत उन्हाळ्यासाठी आणि सर्वांत कमकुवत पेशीसाठी राखलेली असते. तिला वाया गेलेला वेग म्हणणे चूक आहे.

'रात्रभर मेमटेस्ट चालवली, एकही चूक आली नाही' हे उत्तर नेहमी मिळते. ती चाचणी त्या रात्रीच्या तापमानापुरती खरी. जानेवारीत पास झालेली सेटिंग मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत, शेजारी ग्राफिक्स कार्ड तापलेले असताना टिकेल, याची हमी ती देत नाही. रॅम चुकली की मशीन बंद पडते, हाही एक गैरसमज. बंद पडले तर उलट बरे, निदान कळते तरी. बहुतेकदा एखादा बिट उलटतो आणि काम तसेच पुढे चालू राहते. युनिकोडमध्ये देवनागरी १ आणि ९ यांच्यात फरक आहे तो फक्त एका बिटाचा. तो उलटला तर वहीतले १,२०० रुपये ९,२०० होतात, फाइल बिनतक्रार सेव्ह होते, आणि पुढचा प्रत्येक बॅकअप ती चूकच जपून ठेवतो. गूगलच्या सर्व्हरवरील २००९ सालच्या अभ्यासात दरवर्षी सुमारे आठ टक्के मॉड्यूलमध्ये निदान एक तरी चूक आढळली होती. तीही नेमून दिलेल्या सेटिंगवर, थंड केलेल्या डेटा सेंटरमध्ये. तिथे चुका पकडून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम होती. घरच्या मशीनमध्ये सहसा ती नसते.

मग संथ संगणक तसाच सोसायचा का? मुळीच नाही. टास्क मॅनेजरमधले मेमरीचे पान उघडून पाहा. दोनपैकी एकच स्लॉट वापरात असेल तर डीडीआर४-३२०० ची बँडविड्थ २५.६ गिगाबाइटवर अडलेली असते. जोडीची दुसरी स्टिक बसवली की ती सेकंदाला ५१.२ होते. ज्यांचे ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे, त्यांना हा फरक डोळ्यांना दिसतो. त्याच पानावर वेगही दिसतो. ६००० ची रॅम घेऊन ती ४८०० वर चालवणारे कितीतरी जण असतात, कारण बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (कंपनीने रॅममध्येच भरून दिलेली वेगाची सेटिंग) सुरूच केलेले नसते. एक्सएमपी हेही ओव्हरक्लॉकिंगच नव्हे का, असे कोणी विचारेल. मानकाच्या वर चालवणे या अर्थाने ते आहेच. फरक असा की, तो वेग कंपनीने त्या मॉड्यूलसाठी तपासून, लेबलवर छापून, वॉरंटीसह विकलेला असतो. तेवढ्यावरही मशीन अडखळले तर एक पायरी खाली यावे. रॅम मोकळी करून देणारे प्रोग्रॅम मात्र काढूनच टाकावेत: ते उपयोगी माहिती रॅममधून हुसकावतात, आणि तीच पुन्हा डिस्कवरून आणावी लागते, जिथे चांगल्या एसएसडीलाही रॅमच्या शेकडो पट वेळ लागतो.

एवढे करूनही ज्यांना टायमिंगच्या शेवटच्या टोकापर्यंत जायचे आहे, त्यांनी सुरुवात ईसीसी रॅमपासून करावी. डीडीआर५ च्या चिपमधली स्वतःची दुरुस्तीव्यवस्था त्यासाठी पुरत नाही. चिप ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही. पूर्ण ईसीसी असेल तर दुरुस्त झालेल्या चुकांची नोंद लॉगमध्ये पडते, आणि आपण कुठवर आवळले ते माहिती बिघडण्याआधी कळते. रायझनसाठीचे बरेच मदरबोर्ड अशी रॅम स्वीकारतात. इंटेलने ती घरगुती ग्राहकापासून वर्षानुवर्षे दूर ठेवली, म्हणून लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स २०२१ च्या सुरुवातीला उघडपणे संतापले होते. आपल्याकडचे असेंबल करणारे दुकानदार आरजीबी दिव्यांची रॅम आपणहून दाखवतात. ग्राहकाने त्यांच्याकडे ईसीसीची रॅम मागायला सुरुवात करावी.