जप्ती वेगळी, झडती वेगळी

घरझडतीच्या पंचनाम्यात संगणकाच्या वाट्याला फार तर दोन ओळी येतात. रंग काळा, अमुक कंपनीचा, सीरियल नंबर अमुक, सोबत चार्जर. खाली दोन पंचांच्या सह्या होतात, पुडक्याला लाखेचे सील लागते आणि मुद्देमाल पोलीस ठाण्यात जमा होतो. त्या यंत्रात ज्याच्यावर संशय आहे त्याच्या हिशेबांबरोबर बायकोचे वैद्यकीय अहवाल होते, मुलीचा अर्धवट प्रबंध होता, कधीच पुसून टाकलेली आणि तरीही डिस्कवर शाबूत राहिलेली पत्रे होती, याची नोंद पंचनाम्यात होत नाही. पुढे प्रयोगशाळेत कोणी काय उघडले, किती वाचले, कशाची प्रत काढली, हेही त्या घरातल्या माणसांना सहसा कळत नाही. आपला कायदा संगणकाला अजून कपाट समजतो. कपाट उचलून नेले म्हणजे आतले कपडे आलेच, असा तो हिशेब आहे. तो बदलायला हवा. संगणक ताब्यात घेण्याचा अधिकार आणि तो उघडून वाचण्याचा अधिकार हे दोन वेगळे अधिकार आहेत. पहिल्यासाठी तपास अधिकाऱ्याचा वाजवी संशय पुरेसा मानता येईल. दुसऱ्यासाठी मात्र गुन्ह्याचा त्या विशिष्ट यंत्राशी काय संबंध आहे आणि त्यात नेमके काय शोधायचे आहे, हे लिहून न्यायदंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घ्यायला हवी.

आज काय होते ते पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८५ हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६५ चेच नवे रूप आहे. तपासाला आवश्यक वस्तू एखाद्या ठिकाणी सापडेल असे मानायला वाजवी कारण असेल आणि ती दुसऱ्या मार्गाने वेळेत मिळणार नसेल, तर तपास अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. ती कारणे त्याने केस डायरीत लिहायची, शोधायची वस्तू ‘शक्य तितकी’ नमूद करायची आणि ४८ तासांच्या आत नोंदीची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची. घरमालकाने अर्ज केला तर त्यालाही प्रत मिळते. म्हणजे कारण लागते, पण ते कारण पुरेसे आहे की नाही हे झडती घेणाराच ठरवतो, आणि बाहेरच्या माणसाच्या नजरेला ते पडते तेव्हा घर धुंडाळून झालेले असते. कलम ९४ ने तर उंबरठा आणखी खाली आणला आहे. डिजिटल पुरावा असण्याची शक्यता असलेली संपर्क-उपकरणे हजर करायला सांगण्यासाठी ती तपासाला ‘आवश्यक किंवा इष्ट’ वाटणे एवढेच पुरते. झडतीचे ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे केले, ही नव्या संहितेची चांगली गोष्ट. पण कॅमेऱ्यात टिपले जाते ते लॅपटॉप टेबलावरून उचलणे. खरी झडती त्यानंतर, कॅमेरा बंद झाल्यावर सुरू होते.

पोलिसांच्या मनातले कारण तिसऱ्या माणसाने आधी तपासावे, ही मागणी जुनी आहे. १७६२ मध्ये लंडनमध्ये जॉन एंटिक या लेखकाच्या घरात मंत्र्याच्या हुकमाने सरकारी माणसे शिरली, चार तास कुलपे फोडून कागद चाळत बसली आणि सापडतील ते कागद घेऊन गेली. १७६५ च्या निकालात न्यायाधीश लॉर्ड कॅम्डेन यांनी ही कृती बेकायदा ठरवली. त्याच काळातील अनुभवातून अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ मध्ये चौथी दुरुस्ती आली. शपथेवर सांगितलेले सबळ कारण, ज्याला तिथे ‘प्रॉबेबल कॉज’ म्हणतात, ते असल्याशिवाय आणि जागा व वस्तू यांचे नेमके वर्णन केल्याशिवाय वॉरंट निघणार नाही, असे ती सांगते. आपल्या घटनेत असे कलम नाही, एवढ्यावर बोट ठेवून १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी झडतीला खासगीपणाचा अडसर मानायला नकार दिला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि शर्मा निकालातील त्याविरुद्धची भूमिका रद्द केली. हक्काला मुरड घालायची तर कायदा हवा, उद्दिष्ट वैध हवे आणि उपाय प्रमाणात हवा, ही त्या निकालाची कसोटी आहे. एका व्यवहाराच्या तपासासाठी अख्ख्या घराचे दहा वर्षांचे आयुष्य वाचून काढणे या कसोटीवर कसे टिकेल?

कारण कशाला म्हणायचे, हा प्रश्न अमेरिकी न्यायालयांनी संगणकाच्या बाबतीत बारकाईने घासून पाहिला आहे. २००६ मधला नवव्या सर्किट अपील न्यायालयाचा एक निकाल मुद्दाम पाहण्याजोगा आहे. मुलांची अश्लील चित्रे पुरवणाऱ्या एका संकेतस्थळाचे सभासदत्व एका माणसाने पैसे भरून दोन महिन्यांहून अधिक काळ ठेवले होते. एफबीआयने संकेतस्थळावर कारवाई केली तेव्हा सभासदांत त्याचे नाव मिळाले. त्याने एक तरी चित्र उतरवून घेतल्याचा थेट पुरावा वॉरंटच्या अर्जात नव्हता. बहुमताने म्हटले की पैसे भरून टिकवलेले सभासदत्व, त्यातून मिळणारा चित्रांचा मोकळा वापर आणि अशा वापराच्या खुणा संगणकात दीर्घकाळ राहतात हे तांत्रिक वास्तव, या तिन्हींतून घरच्या संगणकात पुरावा सापडण्याची वाजवी शक्यता दिसते. मतभेद नोंदवणाऱ्यांनी विचारले की त्याने काय उतरवले हे संकेतस्थळाच्याच नोंदींतून तपासता येत असताना तसे न करता घर का गाठले? गुन्हा किळसवाणा होता आणि बहुमताचा निष्कर्ष मला चुकीचा वाटत नाही, पण मतभेदातला प्रश्न प्रत्येक तपास अधिकाऱ्याला विचारला गेला पाहिजे. कमी घुसखोरीचा मार्ग हाताशी असताना जास्त घुसखोरीचा का निवडला? आणि महत्त्वाचे म्हणजे ही चर्चा होऊ शकली, कारण झडतीचे कारण आधी कागदावर होते आणि त्यातली ओळ न् ओळ तपासता येत होती.

कारण नुसते असून भागत नाही, त्याला कुंपणही लागते. १९९९ मध्ये दहाव्या सर्किट न्यायालयापुढे आलेल्या खटल्यात वॉरंट अमली पदार्थांच्या विक्रीच्या नोंदी शोधण्यासाठी होते. संगणक चाळताना अधिकाऱ्याला एक आक्षेपार्ह चित्र दिसले आणि त्याने मूळ शोध सोडून चित्रांच्या फायलींमागून फायली उघडल्या. पहिले चित्र योगायोगाने दिसले हे न्यायालयाने मान्य केले, पण पुढचा शोध नव्या वॉरंटशिवाय झाला म्हणून तो पुरावा बाद केला. दुसरे प्रकरण एका हिशेबनिसाचे. त्याच्या ग्राहकांच्या गैरव्यवहाराच्या चौकशीत लष्कराच्या तपासनीसांनी २००३ मध्ये त्याच्या संगणकांच्या संपूर्ण प्रती काढल्या. ग्राहकांशी संबंध नसलेली माहिती तशीच ठेवून घेतली आणि २००६ मध्ये तीच त्याच्याविरुद्धच्या करचुकवेगिरीच्या तपासात उघडली. २०१४ मध्ये अपील न्यायालयाच्या पीठाने हे घटनाविरोधी ठरवले. २०१६ मध्ये मोठ्या पीठाने तपासनीसांचा सद्हेतू मानून शिक्षा कायम ठेवली. म्हणजे तिथेही सगळे आलबेल नाही. तरी २०१४ मध्येच रायली खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की अटकेत सापडलेला मोबाइल फोनसुद्धा पोलिसांनी एरवी वॉरंटशिवाय उघडायचा नाही. फोन जप्त करणे आणि उघडणे यांत त्या न्यायालयाने केलेला फरक आपल्यालाही करता येण्याजोगा आहे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप वेगाचा. संगणकातला पुरावा एका बटणावर नाहीसा होतो, दंडाधिकाऱ्यांकडे खेटे घालेपर्यंत आरोपी डिस्क पुसून मोकळा होईल, असे पोलीस म्हणतात, आणि ते खरेच आहे. म्हणून तर ताब्यात घेणे आणि उघडणे वेगळे करायचे. यंत्र लगेच ताब्यात घ्या, इंटरनेटपासून तोडा, सीलबंद करा. थांबायचे आहे ते फक्त वाचण्यासाठी. २००१ मध्ये अमेरिकेत एका माणसाला वॉरंट येईपर्यंत सुमारे दोन तास त्याच्याच घरात एकट्याने जाऊ दिले नाही, तेही सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवले. पुरावा गोठवण्याला कोणाचा विरोध नाही. आपल्याकडे न्यायवैद्यक प्रयोगशाळांच्या अहवालासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते; तिथे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाचे दोन दिवस तपास कसा बुडवतील? एखादे मूल बेपत्ता आहे, स्फोटाची शक्यता आहे, अशा वेळी आधी उघडावे आणि ठरावीक तासांत मंजुरी घ्यावी, अशी सवलत ठेवता येते. दुसरा आक्षेप लबाड आरोपींचा. फाइलला ‘लग्नाचे फोटो’ नाव देऊन हिशेब लपवणारे असतात, मग कुंपण घालून शोधायचे कसे? इथे मी मान्य करतो की नेमका फोल्डर आधी सांगणे अशक्य आहे. पण काय शोधतो आहोत, कोणत्या काळातले, कोणाशी झालेल्या व्यवहाराचे, हे सांगता येते. त्याबाहेरचे काही दिसले तर थांबून पुन्हा परवानगी मागता येते. दंडाधिकारी डोळे झाकून सही करतील, हा तिसरा आक्षेप निराशेतून येतो आणि तो निराधार नाही. पण सही झालेला अर्ज पुढे वरच्या न्यायालयात वाचता येतो, आणि वाचला जाणार हे माहीत असलेला अधिकारी तो जपून लिहितो.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भीमा कोरेगाव प्रकरणात दिल्लीतून जप्त केलेल्या एका लॅपटॉपविषयी अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला. बाहेरून घुसवलेल्या मालवेअरद्वारे बावीस महिने त्या यंत्राचा ताबा घेतला गेला आणि दस्तऐवज लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवले गेले, असा त्याचा निष्कर्ष होता. राष्ट्रीय तपास यंत्रणेला तो मान्य नाही. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण कपाटात सापडलेले पिस्तूल आणि संगणकात सापडलेली फाइल यांत केवढे अंतर आहे, ते या वादाने दाखवले. फाइल मालकाच्या नकळत येऊ शकते. जप्तीच्या क्षणी हॅश व्हॅल्यू, म्हणजे आतला मजकूर जरा बदलला तरी बदलणारी त्याची आकडी ओळखखूण, काढून तिची प्रत मालकाला दिली नाही, तर नंतर काही बदलले की नाही हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. खटल्यात पुरावा टिकावा असे वाटणाऱ्या सरकारी वकिलालाही हीच शिस्त उपयोगाची आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दिल्ली पोलिसांनी न्यूजक्लिक या वृत्तसंकेतस्थळाशी संबंधित अनेक पत्रकारांच्या घरांतून लॅपटॉप आणि फोन नेले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने उपकरणांच्या जप्तीबाबत मार्गदर्शक तत्त्वे आणा, असे केंद्राला बजावले. डिसेंबरमध्ये केंद्राने, तोवर केंद्रीय यंत्रणा सीबीआयच्या २०२० च्या नियमपुस्तिकेप्रमाणे वागतील, असे सांगितले. ती हमी केंद्रीय यंत्रणांपुरती आहे. ठाण्यातल्या हवालदाराला आणि तालुक्याच्या निरीक्षकाला ती बांधत नाही. शिवाय नियम मोडला तर काय, याचे उत्तर आपल्याकडे १९७३ च्या पूरणमल निकालापासून ठरलेले आहे: झडती बेकायदा असली तरी त्यातून मिळालेला पुरावा केवळ त्या कारणाने बाद होत नाही. मोडल्याने काहीच बिघडत नसेल तर नियम पाळण्याची गरज अधिकाऱ्याला का वाटावी? म्हणून मार्गदर्शक तत्त्वांवर न थांबता कलम १८५ मध्येच तरतूद हवी. जप्त उपकरण उघडण्याआधी दंडाधिकाऱ्यांचा आदेश, आदेशात शोधाचा विषय आणि काळ, जप्तीच्या वेळीच मालकाच्या हाती हॅश व्हॅल्यू, गुन्ह्याशी संबंध नसलेली माहिती ठरावीक मुदतीत नष्ट किंवा परत, आणि आदेशाविना वाचलेली माहिती पुरावा म्हणून अग्राह्य. यांतले शेवटचे वाक्य वगळले, तर आधीची चारही कागदावरच राहतील.