अपुरें यमक

हिंसेचें वर्णन करणाऱ्या कवितेंतील यमकें मोजीत बसणें म्हणजे प्रेताच्या अंगावरील दागिने मोजण्यासारखें आहे, असा एक आक्षेप रसिक म्हणविणाऱ्या मंडळींकडून वारंवार घेतला जातो. तो ऐकावयास मोठा सहृदय वाटतो. परंतु ज्या भूतदयेच्या नांवानें तो घेतला जातो, तिचेंच त्यांत अहित आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

विल्फ्रेड ओवेन या इंग्रज कवीची १९१८ सालची ‘स्ट्रेंज मीटिंग’ ही कविता घ्या. रणांतून निसटलेला सैनिक एका खोल भुयारांत उतरतो. तेथें त्याला एक मृत पुरुष भेटतो, आणि अखेरीस कळतें कीं, काल आपण ज्याला मारिलें तोच हा शत्रु. एवढा कथाभाग सांगून ‘युद्ध वाईट’ असा भावार्थ काढला कीं आक्षेपकांचें काम संपतें. पण तेवढ्यासाठीं कविता कशाला हवी?

आतां जरा कान द्या. बहुतेक कविता दोन दोन ओळींच्या जोड्यांनीं चालते. मात्र जोडीच्या अंतीं यमक पुरें जुळत नाहीं. व्यंजनें तींच राहतात, मधला स्वर तेवढा बदलतो. मराठींत ‘वीर’ या शब्दाशीं ‘वैर’ जुळवावा, तसा हा प्रकार. जुळणी होणार असें वाटतें आणि ती हुकते. पूर्ण यमकाचा विसावा कवि कानाला मिळूं देत नाहीं. मारणारा व मारला गेलेला यांचें नातें याहून निराळें तें काय? सांगाडा एकच, भेद स्वरापुरता! जी ओळख शेवटीं शब्दांनीं पटते, ती कानाला आरंभापासून अस्वस्थ करीत असते. अखेरची निद्रेची ओळ तर तोकडी, जोडीवांचून एकटीच राहते.

हें पाश्चात्य शवविच्छेदन आमच्या रसदृष्टीला मानवत नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं मम्मटाचा ‘काव्यप्रकाश’ उघडावा. ओज हा गुण वीर, बीभत्स व रौद्र या रसांत क्रमानें वाढतो, आणि जोडाक्षरें, टवर्गांतील अक्षरें व दीर्घ समास यांनीं तो व्यक्त होतो, असें त्यानें सांगून ठेविलें आहे. ओवेननें हा मार्ग टाळला, कारण त्याला वीरश्री नव्हे, युद्धांतील करुणा सांगावयाची होती. म्हणूनच जो भाषांतरकार या कवितेला सफाईदार यमकांत बसवील, तो तिची करुणाच काढून घेईल.

४ नोव्हेंबर १९१८ रोजीं, युद्ध थांबण्यास अवघा एक आठवडा उरला असतां, हा पंचवीस वर्षांचा कवि रणांत पडला. त्याला रणाकडे बोलावणाऱ्या घोषणा ठेक्यांतच होत्या. नगारा वाजविणाऱ्याला नादाचें सामर्थ्य पक्कें ठाऊक असतें. तें न जाणणारा वाचक कितीहि कोमल मनाचा असो, पुढच्या नगाऱ्याबरोबर त्याचीं पावलें आधीं पडूं लागतील, आणि भूतदया मागाहून आठवेल.