जुन्या मोटारीची ‘वाढीव ताकद’ : दावा विक्रेत्याचा, जबाबदारी खरेदीदाराची

चाळीसगाव (प्रतिनिधी) : जुन्या मोटारींच्या व्यवहारात किलोमीटरचा आकडा फिरविण्याची फसवणूक आता सर्वांना ठाऊक झाली आहे. त्या मानाने नवा असलेला दुसरा प्रकार अद्याप पुरेसा चर्चेत आलेला नाही. ‘इंजिन रीमॅप केले आहे’, ‘टर्बो मोठा बसविला आहे’ असे तोंडी सांगून गाडीची किंमत वाढविली जाते आणि घेणारा तरुण त्या भरवशावर पुढील बदलांचे बेत आखतो. पाया तपासल्याविना त्यावर मजला चढविण्याचाच हा प्रकार होय.

फियाटच्या तंत्रज्ञानावर आधारित १२४८ सीसीचे डिझेल इंजिन हे याचे बोलके उदाहरण. २००७ मध्ये ते मारुतीच्या स्विफ्टमध्ये आले. टाटाच्या व्हिस्टातही ते होते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या. त्यामुळे स्विफ्ट डिझेल आज घ्यायची तर ती जुनीच घ्यावी लागते. या इंजिनाच्या प्रामुख्याने दोन आवृत्त्या होत्या. ७५ पीएसच्या आवृत्तीत साधा टर्बो होता, तर ९० पीएसच्या आवृत्तीत पात्यांचा कोन बदलणारा टर्बो. इंजिनाची क्षमता मात्र दोन्हींत सारखीच. साहजिकच ‘हिला नव्वदचा टर्बो आहे’ हा दावा करणे सोपे आणि पाहताक्षणी खोडून काढणे कठीण.

तरीही तो पडताळता येतो. टर्बोवरील पट्टीवर भाग क्रमांक कोरलेला असतो. तो मूळ भागाच्या क्रमांकाशी जुळवून पाहता येतो. शिवाय पाती फिरविणाऱ्या टर्बोचे नियंत्रण इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, करतो. ईसीयूत तसा बदल न करता केवळ टर्बो बदलल्याचे कोणी सांगत असेल, तर ती ताकद प्रत्यक्षात मिळत असण्याची शक्यता कमीच. रीमॅपची गोष्टही अशीच आहे. ईसीयूतील प्रणाली नंतर कंपनीच्या सेवा केंद्रात अद्ययावत केली गेली असल्यास आधीचा बदल पुसला गेलेला असू शकतो. म्हणजे विक्रेता प्रामाणिक असला, तरी त्याचा दावा आज खोटा ठरू शकतो. खात्रीचा पुरावा एकच : डायनोवर, अर्थात रोलरवर चाके फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, घेतलेली नोंद. चाकांपाशी मोजलेला आकडा इंजिनाच्या जाहीर आकड्यापेक्षा कमीच येतो, एवढे भान तुलना करताना ठेवावे लागते.

इंजिनाची ताकद वाढविण्याचा बेत असेल, तर क्रमही महत्त्वाचा आहे. आधी कॉम्प्रेशन, इंजेक्टर, टर्बोच्या दांड्यातील ढिलाई आणि क्लच तपासावा. नंतर ब्रेक, टायर व शीतकरण यंत्रणा दुरुस्त करावी. ताकद वाढविण्याचा विचार त्यानंतरचा. लाखाहून अधिक किलोमीटर धावलेल्या, झिजलेल्या इंजिनावर जादा दाब टाकला, तर वाढीव ताकदीऐवजी इंजिन उघडण्याचा खर्च पदरी येतो. खानदेशच्या उन्हाळ्यात ही जोखीम आणखी वाढते. हवा तापली की ती विरळ होते, ताकद घटते आणि इंजिनही अधिक तापते. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे येणाऱ्या मोटारीला तर वाढीव अश्वशक्तीपेक्षा शाबूत ब्रेकची गरज अधिक असते.

कायद्याची बाजू याहून गंभीर आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलणे वा सीएनजी संच बसविणे यांसाठी ठरलेली कार्यपद्धती आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने विनापरवाना बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

खरी मेख येथेच आहे. आरसीवर इंजिन क्रमांक आणि सीसी असते. टर्बो व ईसीयूतील बदल तेथे दिसत नाहीत. पीयूसी चाचणीत डिझेल गाडीचा धूर मोजला जातो, ताकद नव्हे. विमा कंपनीला तर मालकाने कळविले तरच समजते. न कळविलेला बदल अपघातानंतर उघड झाल्यास दावा अडचणीत येऊ शकतो. एकूण काय, व्यवस्थेच्या तिन्ही कागदांतून हा बदल निसटतो आणि हस्तांतर बिनबोभाट पार पडते. पुढे गाडी अडविली गेली, की हा बदल आपण केलेला नाही हे पटवून देण्याची पाळी मात्र नव्या मालकावर येते.

२०२४ मध्ये चाळीसगावला स्वतंत्र उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आणि एमएच ५२ हा क्रमांक मिळाल्याने हस्तांतराचे काम जवळ आले. कार्यालय जवळ आले म्हणून तपासणी सखोल झाली, असे नव्हे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून केंद्राचे नियम लागू झाले. अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपविल्याची सूचना परिवहन कार्यालयाला दिली, की तिची जबाबदारी त्याच्यावर येते. परंतु ओळखीतून, चहाच्या टपरीवर ठरणाऱ्या सौद्यांना या नियमांचा आधार मिळत नाही.

अशा स्थितीत खरेदीदाराच्या हाती साधा उपाय उरतो. विक्रेत्याने सांगितलेला प्रत्येक बदल भाग क्रमांक, बिल आणि तारखेसह सौदा पावतीवर लिहून मागावा. लिहून मिळाल्यास तो उद्या ग्राहक आयोगात अथवा न्यायालयात पुरावा ठरू शकतो. लिहून देण्यास नकार मिळाल्यास त्या दाव्याची किंमत शून्य धरावी आणि गाडी कंपनीतून निघालेल्या साध्या गाडीच्याच भावात मागावी. दाव्यामागे खरोखरच बेकायदा बदल असल्याचे दिसले, तर मूळ भाग पुन्हा बसविण्याचा खर्च त्या भावातूनही वजा करणे शहाणपणाचे.