घरचा टेलिफोन कोण उचलणार?

आपल्या कितीतरी घरांत बैठकीच्या खोलीत, लहानशा टेबलावर, विणलेल्या रुमालावर टेलिफोन अजून ठेवलेला दिसतो. तो वाजला की घरातील मंडळी एकमेकांकडे पाहतात. जाहिरातवाला असेल, असे म्हणून कोणी उठत नाही. उठतात त्या आजीबाईच.

मॉरिशसमध्ये मोबाईल 1989 साली आला आणि आज देशात माणसांहून मोबाईल जोडण्या अधिक आहेत. 2013 च्या सप्टेंबरात मोबाईलच्या क्रमांकापुढे 5 लावून तो 8 आकडी करावा लागला. घरच्या टेलिफोनचे आकडे 7 च राहिले. ते 7 आकडे आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असत. पहिला आकडा 2 असला तर पोर्ट लुईस किंवा उत्तरेकडचे घर, 4 असला तर रोझ हिल, कात्र बोर्नकडचे, हे त्यांना चटकन कळे.

तो क्रमांक घराचा होता, एका माणसाचा नव्हे. मित्राशी बोलायचे असले तरी आधी त्याच्या आजीशी बोलावे लागे. "कोणाचा रे तू?" असा प्रश्न आला की नाव, बापाचे नाव, गाव सांगायचे, आजोबांची प्रकृती विचारायची आणि मग मित्राला बोलवा म्हणायचे. घराघरांत क्रिओल बोलली जात असताना एवढी दोन मिनिटे तरी मुलाच्या तोंडी मराठी येई. आज मुलगा थेट मित्राला गाठतो आणि आजीला पत्ताही नसतो.

प्राथमिक शाळेत आम्ही मराठीच्या तासाला दूरध्वनीवरील संवाद म्हणून घेतो. "आपण कोण बोलता?" हे वाक्य आले की मुले विचारतात, "नाव तर पडद्यावर दिसते, मग विचारायचे कशाला?" प्रश्न रास्त आहे. शिक्षकाने काय उत्तर द्यावे?

मोबाईलला दोष देण्यात अर्थ नाही. 15 जानेवारी 2024 रोजी बेलाल चक्रीवादळात पोर्ट लुईसच्या रस्त्यांवर पाणी चढले, तेव्हा अडकलेल्या माणसांचा आधार खिशातील फोनच होता. मात्र वादळाचीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या तांब्याच्या तारेतून टेलिफोनला एक्स्चेंजमधून वीज मिळे, म्हणून घरात अंधार असूनही, तार तुटली नसेल तर, तो चाले. आता फायबर आले आहे. त्याच्या पेटीला घरचीच वीज लागते. वीज गेली की टेबलावरचा टेलिफोनही मुका. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना हे कोणी सांगितले आहे काय?

मयताची वार्ता, देवळातील पूजा, मंडळाची सभा, सारे आता व्हॉट्सॲपवर येते. ज्यांच्या हाती तसा फोन नाही त्यांना मयत उचलल्यावर कळते. ही गोष्ट आपल्या समाजाला शोभणारी नाही.

प्रत्येक मंडळाने अशा घरांची यादी करावी आणि निरोप तोंडी कळवण्याचे काम मराठी शिकणाऱ्या मुलांवर सोपवावे. मयताचा निरोप मोठ्यांनीच द्यावा. पूजेचा, सभेचा मुलांनी द्यावा, आणि तो मराठीत. चार वाक्ये पुरतात, ती आम्ही वर्गात बसवून घेऊ. यादीसाठी गणेशचतुर्थीच्या तयारीची पहिली सभा पुरेशी आहे.