गेमवर बंदी आली, पण भाड्यानं दिलेल्या बँक खात्याचं काय?

औसा (वार्ताहर) : पारावर बसलेल्या चार माणसांना विचारा, मोबाईलमुळं गावातलं सगळ्यात बिघडलेलं पोरगं कोणतं? चौघंही गेम खेळणाऱ्या पोराकडं बोट दाखवतील. रात्रभर फ्री फायर नाही तर बीजीएमआय खेळतंय, कानात हेडफोन घालून ओरडतंय, सकाळी धार काढायला उठत नाही. मग विचारा, हुशार पोरगं कोणतं? त्यात एखादं नाव असं येतं की जे पुण्याकडं काही तरी 'ऑनलाईनचं काम' करतंय. काम नेमकं काय, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. गाडी नवीन आहे एवढं दिसतं. अन् त्यानं गावातल्या पाच-सहा जणांची बँक खाती 'वापरायला' घेतलीत, महिन्याला खात्यामागं काही हजार देतो, हे सगळ्यांना माहीत असतं.

कायद्याच्या हिशोबानं बघितलं तर ही यादी उलटी आहे. गेम खेळणाऱ्या पोरावर कसलाच गुन्हा नाही. खातं भाड्यानं देणारा मात्र आज ना उद्या पोलिसांच्या कागदावर येणार. ही गोष्ट आपल्या तालुक्यांत अजून पोहोचलेली नाही, म्हणून हा लेख.

रमीचं पुराण लातूरकरांना नव्यानं सांगायला नको. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याचा म्हणून एक व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, मोबाईलवर आलेलं बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. लातुरात सुनील तटकरे यांच्यासमोर पत्ते फेकले गेले, त्यावरून मारहाण झाली, राज्यभर गाजलं. महिनाअखेरीला कृषी खातं जाऊन त्यांच्याकडं क्रीडा खातं आलं. त्यानंतर तीन आठवड्यांतच दिल्लीत ऑनलाईन गेमिंगचा कायदा झाला. २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. एवढ्या झपाट्यानं शेतकऱ्याच्या कामाचं एखादं विधेयक गेलेलं निदान माझ्या तरी आठवणीत नाही. असो.

या कायद्याआधी भानगड अशी होती. आपल्याकडं जुगाराचा कायदा १८८७ चा, इंग्रजांच्या काळातला. बाभळीखाली तिरट खेळणाऱ्या सहा जणांना पकडलं की त्याच कायद्याचं कलम लागतं, तशी बातमी आम्ही आठवड्याला एखादी तरी लावतो. पण रमीत नशिबापेक्षा डोकं जास्त लागतं, तो निव्वळ नशिबाचा खेळ नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्ये एका क्लबच्या प्रकरणात म्हटलं होतं. मोबाईलवरच्या कंपन्यांनी तोच धागा पकडला. 'कौशल्याचा खेळ' असं लिहिलं, खाली बारीक अक्षरात 'सवय लागू शकते' असं टाकलं अन् क्रिकेटपटूंच्या तोंडून जाहिराती करून घेतल्या. २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका फौजदाराला ड्रीम इलेव्हनवर दीड कोटी लागले. त्याचं निलंबन झालं, ती बातमी दुसऱ्या दिवशी विसरली गेली. दीड कोटीचा आकडा मात्र गावोगाव राहिला. त्या दिवाळीला सालगड्यापासून मास्तरपर्यंत ज्याच्या त्याच्या मोबाईलवर 'टीम' लागलेली होती.

नव्या कायद्यानं डोकं की नशीब हा वादच बाजूला ठेवला. पैसे लावून पैसे जिंकायचे असतील तर तो खेळ चालवायचा नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद अन् एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं, पन्नास लाख. त्या खेळाच्या पैशाची देवघेव करून देणाऱ्यालाही तीन वर्षं अन् एक कोटी. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, त्याला फसलेला माणूस धरलंय. ज्यात पैसे लावायचे नसतात त्या स्पर्धेच्या खेळांना, म्हणजे ई-स्पोर्ट्सला, उलट मान्यता दिलीय. कंपन्या कोर्टात गेल्या, वेगवेगळ्या हायकोर्टातल्या याचिका सुप्रीम कोर्टानं सप्टेंबरमध्ये स्वतःकडं घेतल्या. पण कायदा होताच ड्रीम इलेव्हन, एमपीएल, झुपी यांनी पैशांचे खेळ बंद केले, हे खरं.

दुकान बंद, खिडकी उघडी

मग आता कुणी खेळत नाही का? खेळतात. पूर्वी ॲप कंपनीचं असायचं, पैसे भरले की समोर कंपनीचं नाव यायचं. जीएसटी, टीडीएस कापला जायचा. आता टेलिग्रामवर लिंक येते, व्हॉट्सॲपवर एपीके फाईल येते, प्ले स्टोअरवर त्याचा पत्ता नसतो. पैसे भरायला क्यूआर कोड येतो अन् स्कॅन केला की नाव दिसतं एखाद्या माणसाचं. कधी बिहारकडचं नाव, कधी राजस्थानकडचं, कधी आपल्याच बाजूचं आडनाव. दर दोन-चार दिवसांनी नाव बदलतं. ही नावं येतात कुठून? पारावरच्या त्या 'हुशार' पोरानं गोळा केलेल्या खात्यांमधून.

पद्धत साधी आहे. तुमच्या आधारवर नवं खातं काढायचं, नाही तर पडून असलेलं जनधन खातं घ्यायचं. पासबुक, एटीएम कार्ड अन् खात्याला जोडलेलं सिम त्याच्या हवाली करायचं. तुम्हाला सांगितलं जातं की कंपनीचा टॅक्स वाचवायचा आहे, नाही तर गेमिंगचं पेमेंट आहे, काही होत नाही. पैसे येतात, तासाभरात पुढं जातात. इंग्रजीत याला म्यूल खातं म्हणतात, म्यूल म्हणजे खेचर. ओझं दुसऱ्याचं, पाठ तुमची. त्यात फक्त रमीचा पैसा असतो असंही नाही. डिजिटल अरेस्टच्या नावाखाली एखाद्या म्हाताऱ्या पेन्शनरला लुटलेला पैसा त्याच वाटेनं जातो. तक्रार झाली की पोलीस पैशाच्या मागं मागं येतात अन् पहिलं नाव सापडतं ते तुमचं. केवायसी तुमची, फोटो तुमचा, अंगठा तुमचा. 'मला माहीत नव्हतं' हे तुम्हाला दुसऱ्या राज्यातल्या ठाण्यात जाऊन सांगावं लागतं. जाण्यायेण्याचा खर्च भाड्याच्या रकमेपेक्षा जास्त होतो, वकिलाचा वेगळा.

बँकाही आता झोपलेल्या नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं 'म्यूलहंटर' नावाची यंत्रणा केलीय, ती अशी खाती हुडकते. ज्या खात्यात वर्षभर पीएम किसानच्या हप्त्याशिवाय काही येत नाही, त्यात एका दुपारी चाळीस ठिकाणांहून दोन लाख आले तर ते ओळखायला यंत्राचीही गरज नाही म्हणा. खातं गोठलं की पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार, नमो शेतकरीचे सहा हजार, अतिवृष्टीचं अनुदान, सगळं त्यातच अडकतं.

त्याहून वाईट म्हणजे न केलेल्याची शिक्षा. समजा एखाद्यानं असल्या पैशातून गावात तुमची शेळी विकत घेतली, यूपीआयनं बारा हजार दिले. महिन्याभरानं साखळी उलगडत उलगडत तुमच्या खात्यापर्यंत येते अन् तेवढी रक्कम, कधी कधी पूर्ण खातंच, थांबवलं जातं. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये अशाच यूपीआयच्या प्रकरणांत सांगितलं की पोलिसांनी जेवढी रक्कम वादातली सांगितलीय तेवढीच अडकवा, बाकी खातं चालू ठेवा. आपल्या बँकेत जाऊन हे सांगायला माणूस जरा तयारीचा लागतो. म्हणून माल विकल्याचा कागद जपा. आडतीची पट्टी असेल तर उत्तमच. जागेवर सोयाबीन दिलं तरी वजन, भाव, घेणाऱ्याचं नाव साध्या वहीत लिहून सही घ्या. बँकेला दाखवायला दुसरं काही नसतं आपल्याकडं.

'आपल्याकडं लपवायला काय आहे?'

खासगी माहितीचा विषय काढला की हे वाक्य ठरलेलं. आपण काय टाटा-बिर्ला आहोत का? आपलं आधार नेऊन कोण काय करणार? याचं उत्तर गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याच शेतात मिळालं. २०२३ ला एक रुपयात पीक विमा आला अन् राज्यात बोगस अर्जांचा पूर आला. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, सरकारी जमिनीवर, पेरलंच नाही त्या पिकावर विमे निघाले. अशा अर्जांत काही सेवा केंद्रांची नावं आली अन् शेवटी २०२५ मध्ये ती एक रुपयाची योजनाच बंद झाली. म्हणजे कुणाचा तरी सातबारा अन् कुणाचं तरी आधार कुणीतरी वापरलं अन् तोटा सगळ्यांना झाला. लपवायला काही नसलं तरी चोरायला बरंच असतं.

आपण मात्र आधारची झेरॉक्स अजून पत्रिका वाटल्यासारखी वाटतो. केंद्रावर दिली, दुकानातल्या कम्प्युटरवर राहिली, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे म्हणून सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अन् कंपन्यांना मुख्य कलमं पाळायला दीड वर्षाची मुदत दिलीय. म्हणजे २०२७ उजाडणार. त्यात एक कलम आपल्या घरातलं आहे. अठरा वर्षांखालच्या लेकराची माहिती घ्यायची तर आईबापाची खात्री करता येईल अशी परवानगी कंपनीनं घ्यायची. लेकरांच्या मागावर राहून त्यांना जाहिराती दाखवायच्या नाहीत.

कागदावर चांगलंच आहे. पण आपल्याकडं सिम बापाच्या नावावर, कारण अठरा वर्षांखाली सिम मिळतच नाही. मोबाईल दिवसा बापाचा, रात्री लेकराचा. परवानगीचा ओटीपी आला तर बाप म्हणतो, 'बघ रे काय आलंय, मला चष्म्याबिगर दिसत नाही.' ओटीपी वाचणारं लेकरूच, टाकणारंही लेकरूच. यूपीआयचा पिन तर घरातल्या सगळ्यांना पाठ, कारण किराणा आणायला लेकरालाच पाठवायचं असतं. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यानं प्रत्येक माणसाचा एक मोबाईल धरलाय. आपल्याकडं एका मोबाईलवर एक घर चालतं.

म्हणून गेमच्या बाबतीत माझं मत पारावरच्या लोकांपेक्षा थोडं वेगळं आहे. बंदीनं खेळ थांबत नाही, हे आपण बघितलंय. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झालं, पुढच्या वर्षी बीजीएमआय म्हणून आलं. ते २०२२ ला बंद झालं, २०२३ ला परत आलं. फ्री फायर २०२२ ला बंद केलं तर पोरं फ्री फायर मॅक्सवर गेली. या खेळात पैसे जिंकायचे नसतात, त्यामुळं तो जुगार नाही. पण त्यातल्या डायमंड, यूसी नावाच्या गोष्टी खऱ्या पैशानं विकत मिळतात अन् तो पैसा बापाच्या खात्यातून जातो. पोराला पट्ट्यानं मारून हे थांबत नाही, पिन बदलून थांबतं. किराण्यासाठी लेकराला पैसे द्यायचेच असतील तर यूपीआय सर्कल म्हणून सोय आहे, आपल्या खात्यातून त्याला ठरावीक रकमेपर्यंतच खर्च करता येतो. अन् रात्री लेकराच्या हातातून मोबाईल काढून घेऊन आपण बारा वाजेपर्यंत रील बघत बसलो तर लेकरू काय शिकणार, हेही आहेच.

पैशाच्या खेळात हरलेल्याचं वेगळं आहे. तो कुणाला सांगत नाही. आपल्यावरच गुन्हा दाखल होईल या भीतीनं गप्प राहतो, सावकाराकडून उचल घेतो, बायकोचं डोरलं गहाण टाकतो. त्यानं एवढं लक्षात ठेवावं की नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. लिंकवरून, अनोळखी क्यूआरवर पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करायचा. उद्या बघू म्हटलं तर पैसे चार खात्यांतून पुढं निघून जातात. फोन करताना बँकेचं नाव, वेळ, रक्कम अन् यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, तोच आधी विचारतात.

अन् ज्यांनी खातं दिलेलं आहे, त्यांनी नोटीस यायची वाट बघू नये. पासबुक नसलं तरी आधार घेऊन स्वतः शाखेत जा. एटीएम कार्ड बंद करायचा अन् खात्याचा मोबाईल नंबर बदलायचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मागच्या सहा महिन्यांचा उतारा काढून बघा. आपले नसलेले पैसे दिसले तर तोच उतारा घेऊन पोलीस ठाण्यात किंवा लातूरला सायबर पोलिसांकडं आधी आपण जा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथीच्या वेबसाईटवर दिसतं, न ओळखीचं सिम तिथूनच बंद करायला सांगता येतं. हे सगळं करताना 'हुशार' पोराचा फोन येईल, दोन दिवस थांबा म्हणेल. त्याच दोन दिवसांत खातं रिकामं होतं अन् तो नंबर लागेनासा होतो.